गाडीवर बांधलेला मुक्काम

पाऊस उघडला, भातं कापून झाली आणि दिवाळी सरली, की सह्याद्रीत मोटरसायकलवरून मुक्कामी जाण्याचा हंगाम सुरू होतो. भंडारदऱ्याचा जलाशय, पवनेचा काठ, कोयनेचं खोरं, आणि घाट उतरायची तयारी असेल तर कोकणचा किनारा. शुक्रवारी संध्याकाळी गाडीवर तंबू बांधून निघणारी मुलंमुली आता पुण्यामुंबईइतकीच नाशिक, सांगली, कोल्हापुरातही दिसतात. गाडी कोणती घ्यावी यावर ही मंडळी रात्र रात्र बोलतात. सामान कसं बांधावं यावर फार कमी बोललं जातं. घाटाच्या वळणावर हेलकावे खाणारी, मागून डुलणारी गाडी दिसली की मी आधी तिच्या कॅरिअरकडे बघतो, आणि बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं.

एका माणसाचं दोन रात्रींचं सामान तराजूवर ठेवून पाहू. दोघांना पुरेल असा साधा घुमटाकार तंबू अडीच ते तीन किलोचा. स्लीपिंग बॅग सव्वा-दीड किलो. खाली अंथरायची फोमची मॅट अर्ध्या किलोच्या आत. स्टोव्ह, गॅसचा डबा, एक पातेलं आणि कप मिळून एक किलो. हत्यारं, ट्यूब, हवेचा पंप दोन-अडीच किलो. कपडे तीन किलो, पावसाचा जोड एक, खाण्याचं दोन, औषधं-विजेरी-चार्जर वगैरे एक. रात्रीचं आणि सकाळचं मिळून चार लिटर पाणी, म्हणजे चार किलो. बेरीज एकोणीस-वीस किलोंवर जाते. क्लासिक 350 भरल्या पेट्रोलनिशी सुमारे 195 किलोंची, स्प्लेंडर प्लस सुमारे 112 किलोंची. म्हणजे बुलेटच्या कुळातल्या गाडीला हा भार तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, तर स्प्लेंडरला सहाव्या हिश्शाएवढा. स्प्लेंडरवर मुक्कामाला जाऊ नये असं मी म्हणणार नाही. उत्तम जाता येतं, फक्त बांधणी अधिक नेटकी लागते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. याच गाड्यांवर मागे साठ किलोंचा माणूस बसतो आणि गाडी कुरकुर न करता चालते. मग वीस किलोंच्या बोचक्याने ती का बिथरते? मागे बसलेला माणूस मागच्या चाकाच्या आसाच्या साधारण वर किंवा किंचित पुढे असतो, आणि वळणावर चालवणाऱ्याबरोबर झुकतो. कॅरिअरवरचं बोचकं आसाच्या मागे असतं, उंचावर असतं आणि बांधणी ढिली असेल तर वळणावर आपल्या मनाने हलतं. आसाच्या मागे ठेवलेलं वजन तरफेसारखं काम करतं. क्लासिकच्या दोन चाकांच्या आसांमधलं अंतर सुमारे 1.4 मीटर आहे. मागच्या आसाच्या 30 सेंटिमीटर मागे 20 किलो बांधले, तर मागच्या चाकावर 20 नव्हे, 24 किलोंहून थोडा जास्त भार पडतो. वरचे चार किलो येतात कुठून? पुढच्या चाकावरून उचलले जातात. चढावर हा परिणाम आणखी वाढतो. हँडल हलकं लागायला लागतं, पुढचं चाक वळणात बाहेरच्या बाजूला सरकू पाहतं. ताम्हिणी किंवा वरंधा घाटातल्या खडीवर हे फार महाग पडू शकतं.

म्हणून नियम सोपा आहे: जड ते खाली, मध्ये आणि पुढे. हलकं ते वर आणि मागे. पाणी, स्टोव्ह, टिकाऊ खाणं हे सगळं दोन्ही बाजूंच्या सॅडल बॅगमध्ये, तळाशी, शक्य तितकं चालवणाऱ्याच्या पायांकडे. स्लीपिंग बॅग आणि मॅट फुगलेली पण हलकी, त्यांना मागची जागा द्यावी. तंबू लांबोडका असल्यामुळे मागच्या सीटवर आडवा बसतो, आणि तिथेच असावा. कॅरिअरवर किती वजन चालतं याचा आकडा बहुतेक कंपन्या देतात आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूपच लहान असतो. कॅरिअर हे सीटच्या मागे ठेवलेलं छोटं फळकूट आहे. त्यावर घर मांडू नये.

ही विद्या आपल्या मुलखात नवी नाही. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात, तेव्हा त्यांचा अख्खा संसार घोड्यांवर असतो. भांडी, धान्य, अंथरुणं, वर एखादं कोकरू किंवा कोंबड्या. घोड्याच्या दोन्ही अंगांना भार सारखा ठेवलेला असतो, कारण एका बाजूला कललेला भार घोड्याच्या पाठीला जखम करतो आणि उतारावर जनावराचा तोल घालवतो. मोटरसायकलची पाठ दुखत नाही, पण तोल तिलाही लागतो. दोन्ही सॅडल बॅगा हातात धरून तोलून पाहाव्यात. किलोभराचा फरक चालतो. त्यापुढचा चालत नाही, गाडी सरळ रस्त्यावरही एका बाजूला ओढते आणि संध्याकाळपर्यंत एक खांदा भरून येतो.

भारतीय गाड्यांवर सॅडल बॅग लावताना डावी आणि उजवी बाजू वेगळी असते, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. डावीकडे साडी गार्ड असतो. त्याचा बॅगेला टेकू मिळतो आणि ती चाकात जात नाही. उजवीकडे बहुतेक गाड्यांना सायलेन्सर असतो. बॅगेचा तळ त्याला टेकला तर तासाभरात कापड वितळतं, आणि आत गॅसचा डबा असेल तर गोष्ट कापडावर थांबत नाही. त्यामुळे उजवीकडे लोखंडी सॅडल स्टे बसवून घ्यावा. गावातला कोणताही चांगला वेल्डिंगवाला तो करून देतो. पेट्रोलची बाटली असो की गॅस, दोन्हींची जागा डावी बाजू.

बांधायला काय वापरावं? हूक असलेले रबरी बंजी दोर सगळीकडे मिळतात आणि सगळे तेच वापरतात. मला ते पटत नाहीत. रबर ताणतं म्हणजेच खड्ड्यात सामानाला उसळू देतं. शिवाय ताणलेला हूक सुटून डोळ्याला लागण्याचा धोका खरा आहे. न ताणणारे, बक्कल असलेले पट्टे घ्यावेत, म्हणजे हाताने ओढले की आवळतात आणि आपोआप सुटत नाहीत. पट्टा गाडीच्या सांगाड्याला किंवा ग्रॅब रेलला बांधावा, इंडिकेटरला किंवा मडगार्डला नाही. प्रत्येक बोचक्याला निदान दोन पट्टे, एकमेकांना छेद देणारे. उरलेलं टोक गाठ मारून आत खोचावं, कारण लोंबणारा पट्टा चेनमध्ये किंवा स्पोकमध्ये गेला की मागचं चाक जाग्यावर थांबतं. आणि पाठीवर जड सॅक घेऊन गाडी चालवू नये. दोनशे किलोमीटरनंतर मान आणि कंबर दोन्ही बोलायला लागतात, आणि पडण्याची वेळ आली तर सॅकेतलं टोकदार सामान मणक्याखाली येतं.

सामान गाडीवर चढवण्याचा क्रम हा उतरवण्याच्या क्रमाच्या उलटा असला पाहिजे, हे ऐकायला उघड वाटतं. तरी अंधार पडल्यावर, वाऱ्यात, दमलेल्या अंगाने पोहोचल्यावर त्याचं महत्त्व कळतं. आधी लागतो तंबू आणि ताडपत्री. नंतर मॅट आणि स्लीपिंग बॅग. मग स्टोव्ह. कपडे सगळ्यात शेवटी. पण तीन गोष्टी या क्रमाच्या बाहेरच्या आहेत: पावसाचा जोड, हत्यारं आणि प्रथमोपचाराची पिशवी. या काहीही न सोडता, गाडी उभी करून अर्ध्या मिनिटात हाताला लागल्या पाहिजेत. डोक्याला बांधायची विजेरी जॅकेटच्या खिशात. तंबू उभारताना दोन्ही हात मोकळे हवेत.

वजन कुठे खर्च करावं, असं कोणी मला विचारलं तर माझं उत्तर एकच आहे: झोपेवर. रात्रभर कुडकुडलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाटात गाडी चालवतो तेव्हा त्याची नजर अर्धा क्षण उशिरा हलते. तंबूवर लोक पैसे घालतात, स्लीपिंग बॅगवर घालतात, आणि मॅट मात्र नंतर बघू म्हणून सोडून देतात. थंडी खरी जमिनीतून येते. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्यातल्या फुगलेल्या कापसासारख्या थरात अडकलेल्या हवेमुळे. आपण तिच्यावर झोपलो की अंगाखालचा थर दबतो, हवा निघून जाते आणि अंगातली उष्णता थेट जमिनीत उतरत राहते. तेव्हा खाली वेगळा, न दबणारा थर हवाच.

मॅटची ही रोधक्षमता आर-व्हॅल्यू या आकड्यात सांगतात. घडीच्या साध्या फोम मॅटची आर-व्हॅल्यू साधारण 2 असते. सह्याद्रीच्या हिवाळ्याला ती पुरते. फुगवायच्या, आत अस्तर असलेल्या मॅट 4-5 पर्यंत जातात. एकावर एक दोन मॅट घातल्या तर आकड्यांची बेरीज होते, हे फार उपयोगाचं आहे: वेगळी महागडी मॅट घेण्याऐवजी फोमवर फुगवायची मॅट टाकली की हिमालयाचीही सोय होते. फोमची मॅट फुटत नाही, काट्याला भीत नाही, आणि गाडीवर बाहेरून बांधता येते. म्हणून मी तिच्या बाजूचा आहे.

स्लीपिंग बॅगेवरचा तपमानाचा आकडा नीट वाचावा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात: आरामाचा, मर्यादेचा आणि टोकाचा. टोकाचा आकडा म्हणजे जीव तगून राहील एवढंच, झोप लागेल असं नाही. बऱ्याच स्वस्त बॅगांवर एकच आकडा मोठ्या अक्षरात छापलेला असतो आणि तो कोणता ते लिहिलेलं नसतं. विकत घेताना आरामाचा आकडा विचारावा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा दहाच्या खाली जातो, महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठलेले दिसतात. तेव्हा घाटमाथ्यावर मुक्काम करणाऱ्याने पाच अंशांच्या आरामाची बॅग घ्यावी. कोकणात त्याच महिन्यांत एक जाड चादर आणि लायनर पुरतं.

तंबूत रात्री सगळ्या झडपा बंद करून घेणं ही आणखी एक नेहमीची गोष्ट. माणसाच्या श्वासातली वाफ बाहेरच्या थंड कापडावर जमते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते. धरणाच्या काठी तर आधीच दव असतं. झडपा उघड्या ठेवाव्यात. थंडी किंचित जास्त लागली तरी अंथरूण कोरडं राहतं, आणि कोरडं अंथरूण जास्त ऊब देतं.

आपल्याकडची जमीन तंबूवाल्या कंपन्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेली नसते. त्यांच्या खुंट्या गवताळ मातीसाठी असतात. कोकणातल्या सड्यावर जांभ्याच्या कातळात खुंटी जात नाही. तिथे स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा तंबू हवा, आणि त्याचे दोर धोंड्यांना गुंडाळावे लागतात. त्यासाठी पाच-सहा मीटर जादा दोरी सोबत असावी, नायलॉनची, सुतळी नको. पुळणीत उलटी अडचण: खुंटी सहज जाते आणि वाऱ्याच्या पहिल्या झोतात सहज निघते. रिकाम्या पिशवीत वाळू भरून, तिला दोर बांधून ती हातभर खोल पुरली की पक्की बसते. किनाऱ्यावर तंबू टाकताना भरतीची रेषा कुठे आहे ते वाळलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या ओळीवरून दिसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी त्याच्याही वर येतं. मऊ जमिनीत गाडीचं साइड स्टँडही रुतत जातं आणि मध्यरात्री गाडी आडवी होते. स्टँडखाली चपटा दगड किंवा पत्र्याचा तुकडा ठेवायचा.

तंबूखाली ताडपत्रीचा तुकडा घालावा, पण तो तंबूच्या तळापेक्षा किंचित लहान हवा. बाहेर डोकावणारी कड पाणी गोळा करून तंबूखाली आणते. सामान भिजू नये म्हणून बॅगेवर घालायच्या कव्हरवर मी भरवसा ठेवत नाही. वाऱ्याने ते फुगतं आणि खालून पाणी शिरतं. सामान आतूनच कोरडं ठेवावं: जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी बॅगेच्या आत, तोंड तीनदा गुंडाळून. स्लीपिंग बॅग आणि एक कोरडा कपड्यांचा जोड यांना अशी पिशवी मिळालीच पाहिजे, बाकीचं ओलं झालं तर निभतं.

खाण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं भाग्यवान आहोत. न शिजवता खायचं आणि टिकायचं अन्न आपल्या घरांमध्ये पिढ्यांपासून आहे. पहिल्या रात्रीला भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. सकाळी दडपे पोहे: पातळ पोहे, ओलं किंवा सुकं खोबरं, कांदा, मीठ, लिंबू, आणि अर्धा तास झाकण. विस्तवाची गरजच नाही. घरी फोडणीत भाजून आणलेला रवा, त्यात कढीपत्ता आणि वाटली तर सुकी मिरची. त्यावर उकळतं पाणी ओतलं की पाच मिनिटांत उपमा. गूळ-शेंगदाणे खिशात. मेतकूट आणि तूप असलं तर मऊ भातही मेजवानी होतो. तयार जेवणाची पाकिटं मी वाईट म्हणत नाही, पण त्यांच्या वजनात बरंच पाणी असतं आणि ते पाणी आपण फुकट वाहतो. पातेलं एकच न्यावं. तवा, कढई, चहाचं वेगळं भांडं हे घरी राहू द्यावं.

स्टोव्हची बाजू थंडीत निर्णायक ठरते, म्हणून थोडं थांबून बोलू. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या लांबोळक्या डब्यांमध्ये मुख्यतः ब्युटेन असतो. ब्युटेन द्रवाचा वायू होतो उणे 0.5 अंशाला. त्याखाली तो डब्यात द्रवच राहतो आणि ज्योत मंद होत जाते. भंडारदऱ्याला हा प्रश्न येत नाही. हिमालयातल्या स्पितीत, सप्टेंबरच्या रात्री, येतो. आयसोब्युटेन आणि प्रोपेन मिसळलेले आट्यांचे डबे जास्त थंडीत चालतात, कारण आयसोब्युटेन उणे 12 आणि प्रोपेन उणे 42 अंशांच्या आसपास वायू होतो. डबा रात्री स्लीपिंग बॅगेत पायथ्याशी ठेवला तर सकाळी चहा लवकर होतो. तिसरी वाट जुनी आणि खात्रीची: पंप मारून दाब देणारा, द्रव इंधनावरचा स्टोव्ह. आपल्या आजीच्या स्वयंपाकघरातल्या प्रायमसचं तत्त्व तेच, 1892 मध्ये स्वीडनमध्ये निघालेलं. इंधनाला दाब थंडीवर अवलंबून न राहता हाताने मिळतो. पेट्रोलवर चालणारे छोटे स्टोव्ह मिळतात आणि त्यांचं इंधन तर गाडीच्या टाकीतच असतं. कोणताही स्टोव्ह असो, तो तंबूच्या आत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

आता स्पितीचं बोलतोच आहोत तर हिशेब मांडू. मनाली सुमारे 2,050 मीटरवर, कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर, चंद्रताल सरोवर सुमारे 4,250 मीटरवर. उंचीच्या दर हजार मीटरला तपमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, तेव्हा मनालीपेक्षा चंद्रताल नुसत्या उंचीमुळेच चौदा अंशांनी थंड. पाणी तिथे सुमारे 86 अंशांनाच उकळतं, म्हणून डाळ-तांदूळ शिजायला फार वेळ लागतो. उपमा, नूडल्स, सूप, एवढंच खरं. चंद्रतालच्या काठावर तंबू टाकायला मनाई आहे. मुक्काम काही किलोमीटर अलीकडच्या तळांवर करावा लागतो. शरीराला उंचीची सवय व्हायला वेळ देणारी वाट म्हणजे किन्नौरमधली: शिमला, कल्पा, नाको, ताबो असं चढत काझ्याला पोहोचायचं. मनालीहून थेट एका दिवसात चढणाऱ्यांची डोकी दुखतात, आणि डोकेदुखीत बांधाबांध नीट होत नाही.

काझ्याला पेट्रोल पंप आहे, पण मधल्या टप्प्यांत भरवसा नसतो. पाच लिटर पेट्रोल जादा न्यायचं तर ते पावणेचार किलो होतं. ते इंधनासाठीच बनवलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, खाली, डावीकडे. पाण्याच्या बाटलीत कधीच नाही. महाराष्ट्रातून गाडी रेल्वेने चंदीगडकडे पाठवणारे बरेच आहेत. रेल्वे टाकी पूर्ण रिकामी करून घेते, आणि गॅसचे डबे रेल्वेतही नेता येत नाहीत, विमानातही नाहीत. तेव्हा ते मनालीत किंवा शिमल्यात विकत घ्यायचे, हे आधी ठरवलेलं बरं.

हत्यारांचं ओझं पुष्कळ जण चुकीच्या ठिकाणी वाढवतात. गाडीला लागणाऱ्या बोल्टांच्या मापाचे पाने, एक पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, फ्यूज, टायर लिव्हर, पंक्चरचं सामान, हाताचा किंवा बॅटरीवरचा पंप. ट्यूब असलेल्या गाडीला पुढच्या चाकाची ट्यूब न्यावी: 21 इंची पुढची ट्यूब अडीअडचणीला मागच्या 17-18 इंची टायरमध्ये बसवून पुढच्या गावापर्यंत जाता येतं, उलटं जमत नाही. क्लचची नवी केबल आधीच जुनीच्या शेजारून ओढून ठेवावी, दोन्ही टोकं टेपने बांधून. तुटली तर अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांचं होतं. क्लच आणि ब्रेकचे जादा लिव्हरही त्या पिशवीत असावेत, कारण पडलेल्या गाडीचं पहिलं तेच मोडतं.

प्रथमोपचारात पट्ट्या, जंतुनाशक, ओआरएस, आपापली नेहमीची औषधं. कोकणात आणि घाटात लाल विंचवाचा विचार करावाच लागतो. त्याचं विष हृदयावर आघात करतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून पाहिलं, त्यावर लिहिलं आणि या दंशाने होणारे मृत्यू खूप खाली आणले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या हातात आहे ते इतकंच: बूट तंबूच्या आत ठेवायचे, सकाळी झटकून घालायचे, दगड-लाकडाच्या ढिगात अंधारात हात घालायचा नाही, आणि दंश झाला तर 108 ला फोन करून जवळच्या रुग्णालयाकडे निघायचं. सर्पदंशात दोरी आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, दंशाचा अवयव फारसा हलवू नये.

कपड्यांवर जास्त लिहिण्यासारखं नाही. चालवायचा एक जोड, झोपायचा एक कोरडा जोड, मोजे तीन, एक लोकरीचा कपडा. बाकी घरी. एक छोटं खुरपं मात्र न्या. शौचासाठी पाण्यापासून साठ-सत्तर पावलांवर वीतभर खोल खड्डा करायचा आणि बुजवायचा. आणलेला कचरा परत न्यायला एक रिकामी पिशवी. अभयारण्यात आणि संरक्षित किल्ल्यांवर मुक्कामाला बंदी किंवा परवानगीची अट असते, तेव्हा आधी वन खात्याच्या चौकीत किंवा गावात विचारावं. गावाच्या शिवारात तंबू टाकायचा तर ज्याचं शेत आहे त्या काकांना विचारून टाकावा. बहुतेक वेळा तेच पाण्याची आणि चांगल्या जागेची वाट दाखवतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी पूर्ण लादून तपासावी, रिकामी नव्हे. चेनची ढिलाई सामान बांधल्यावर मोजावी. मागचा भाग दबला की बहुतेक गाड्यांची चेन ताणते, आणि रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन भाराखाली गच्च होते. टायरची हवा माहितीपुस्तिकेत दोघांच्या स्वारीसाठी दिलेल्या आकड्यावर आणावी, मागच्या शॉकअपची स्प्रिंग एक-दोन खाचा घट्ट करावी. मागे भार पडला की हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो, तोही खाली करून घ्यावा. मग घराभोवती दोन-तीन किलोमीटर चक्कर: जोरात ब्रेक, हळू वळण, गतिरोधक. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण सामान धक्क्यांनी आपापल्या जागेत बसतं आणि पट्टे ढिले पडतात. त्यानंतर दर चहाच्या थांब्याला नुसता हात फिरवला तरी पुरतं.

परत आल्यावर तंबू गुंडाळलेला ठेवू नये. आपल्या दमट हवेत दोन दिवसांत त्याला बुरशी धरते आणि आतला पाणी अडवणारा लेप चिकट होऊन सुटू लागतो. गॅलरीत पसरून, खुंट्यांची माती धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावा. स्लीपिंग बॅग दाबून भरलेल्या पिशवीत न ठेवता कपाटात सैल लटकवावी, म्हणजे तिच्यातला थर दबून राहत नाही आणि पुढच्या हिवाळ्यात ती तेवढीच ऊब देते.